दहा किलोमीटर आणि ओटीचा नारळ

१२ ऑगस्ट, मंगळवार

पळसदरीपर्यंत जाऊन परत. ७ किमी. पाऊस उभा-आडवा. मोजे पिळून दाराशी वाळत घातले तर प्र. म्हणतो, "हे पायपुसणं नवीन आणलं का?" लग्नाला एकवीस वर्षं झाली, नवरा बदलला नाही आणि त्याचे विनोदही.

आज दादाचं पनवेल, डायलिसिस. मंगळ-गुरु-शनि, मंगळ-गुरु-शनि. चार तास मशीनला, जाण्यायेण्यात तेवढेच. तीन दिवस रक्त धुवायला जायचं आणि मधल्या दिवसांत त्याचा शिणवटा काढायचा. साजगावच्या कंपनीतली नोकरी शिमग्याआधीच सुटली. शेत वहिनी बघते.

गुरुनाथचा फोन. शाळेत माझ्या वर्गात होता. आता तांदळाचा व्यापारी, शिवाय माहेरच्या गावातल्या मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे स्वतःला दुप्पट शहाणा समजतो. गावच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसची दोन मशीनं बसवायची म्हणतो. नवरात्रात दौड ठेवायची. "तू पी.टी.ची बाई. तुज्या भावासाठी तूच पळनार म्हनल्यावर कोन नाय म्हनंल?"

हो म्हटलं. हो म्हणणं सोपं होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

माहेरी. देवळात मीटिंग. पैशाचं नाव काढल्यावर माणसं छताकडे बघायला लागली. तेव्हा मागून वहिनीच बोलली, "पैसा नाय सुटत हातातनं. तांदूळ सुटतो. भात निघाल्यावर देऊ की." मग ठरलं. मी जितके किमी पळेन तितके शेर तांदूळ, प्रत्येक घरातून. गुरुनाथ तो विकून देणार. दौडीचे दहा तर धरायचेच, पण तोपर्यंतचे सरावाचेही धरायचे. देवळातल्या फळ्यावर रोजचा आकडा खडूने लिहायचा.

म्हणजे दीड महिना माझे पाय गावाच्या मालकीचे. बरं.

दादा खांबाला टेकून बसला होता. निघताना म्हणाला, "बाय, दम लागला तं थांब. कुनी बघत नाय." अख्खं गाव बघतंय आणि हा म्हणतो कुनी बघत नाय.

लहानपणी तालुक्याच्या स्पर्धेला खालापूरला हाच घेऊन जायचा. मी अनवाणी पळायची आणि हा रेषेच्या पलीकडे माझ्या चपला हातात धरून उभा. दुसऱ्या हातात वडिलांचं, अण्णांचं घड्याळ. पहिली आले की आधी वेळ सांगायचा, मग चपला द्यायचा.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वहिनीला ताप, म्हणून शाळेत रजा टाकून मी गेले दादाबरोबर पनवेलला. पहिल्यांदाच आत बसले. डाव्या हातात सुयांसाठी शीर जोडून ठेवलेली आहे. तिथे बोटं ठेवली की आत घरघर लागते, दोन घरं सोडून गिरणी चालू असावी तशी. "हात लावून बघ," तो म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही.

डॉक्टर आले. चांगला माणूस, घाईत असतो. मला विचारलं, "आपण कोण?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "शेजारच्या हायेत. सोबतीला आल्यात."

शेजारच्या.

नंतर फाइल पिशवीत भरताना तो कागद दिसला. ट्रान्सप्लांटसाठी नातेवाइकांची माहिती. आई – मयत. वडील – मयत. पत्नी – साखर आहे. मुलगी – वय १७. भाऊ/बहीण – नाहीत. अक्षर दादाचं. माझ्या सगळ्या वह्यांवर नाव घालायचा तेच अक्षर, शेवटच्या अक्षराला शेपटी.

बसमध्ये मी फाइल मांडीवर धरून बसले. तो खिडकीला डोकं टेकून झोपला.

आधी काय वाटलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. सुटल्यासारखं वाटलं. राग नंतर आला, चौक गाव मागे पडल्यावर.

२४ ऑगस्ट, रविवार

१२ किमी. एवढे पळायचे नव्हते, पण थांबले असते तर विचार करावा लागला असता.

फेब्रुवारीपासून घरात सगळे बोटांवर मोजताहेत. वहिनीची किडनी चालत नाही, साखर. पोरगी लहान. चुलत कुणी पुढे येत नाही. मोजणारा प्रत्येकजण माझ्या बोटापाशी आला की हात खाली घेतो. मला कुणी विचारलं नाही. वहिनीनेसुद्धा नाही, जिचा सगळ्यांत जास्त हक्क आहे. आणि कुणी विचारत नाही याचा मी सहा महिने फायदा घेतला. पळते. फळ्यावर आकडे वाढतात. लोकांना वाटतं, बघा बहीण भावासाठी काय करते.

कापाकापीची मला भीती वाटते. चव्वेचाळीस वर्षं झाली, एकदाही दवाखान्यात झोपले नाही, बाळंतपण सोडून. झालं लिहून.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

माहेरी गणपती. दादासाठी वहिनीने वेगळे मोदक केले, आत रवा. नारळ बंद आहे त्याला, पोटॅशियम. केळं बंद, पाणी मोजून. त्याने आमच्यातला एक मोदक उचलला, नाकाशी नेला, परत ताटात ठेवला. कुणी बघितलं नाही असं त्याला वाटलं.

आरतीला आलेली प्रत्येक बाई, "बहीन असावी तं अशी." पाच जणींनी म्हटलं. सहावीच्या वेळी मी उठून चूल बघायला गेले. त्या घरात आता चूल नाही, गॅस आहे. गॅस बघितला.

७ सप्टेंबर, रविवार

विचारलं. बांधावर. भात पोटरीला आलंय, लोंब्या फुटायच्या बेतात; तो उगाच बांधावरचं गवत उपटत होता.

"दादा, मी मेले का?"

"काय बोलती गं?"

"कागदावर मग मी का नाही?"

आणखी एक मूठ गवत उपटलं. मग, "आपल्यात बहिनीचं घेत नाय बाय."

"आपल्यात म्हणजे कुणात?"

"बहिनीला द्यायचं असतं. दिलेल्या घरची तू. उद्या तुला कायतरी झालं तं तुज्या नवऱ्याला काय तोंड दाखवू?" आणि मग खाली बघून, "आन तू पळते. पळनाऱ्या मानसाचं काय काढून घेऊ गं मी?"

मी फार बोलले. तुझा हा मानभावीपणा, तुझ्या पोरीचा विचार कर, मी काय शेजारची आहे का. सगळं बोलले. एवढ्या बोलण्यात "मी देते" हे दोन शब्द नव्हते. त्याच्या लक्षात आलं असणार, तो लहानपणापासून माझ्यापेक्षा हुशार. तरी म्हणाला, "जा, उशीर व्हईल. टेंपो मिळनार नाय."

भांडण करून घरी आले. भांडणंही माझं एक पळणंच आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

०. फळ्यावर शून्य लिहायला लावलं. गुरुनाथचा फोन, "आजारी हायेस काय?" म्हटलं, हो.

१५ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटायच्या आधीच निघून एकटी पनवेलला. डॉक्टरांना म्हटलं, मी ती शेजारची बाई. सख्खी बहीण आहे. त्यांनी चष्मा काढला आणि हसले. म्हणाले, "मला वाटलंच होतं. नाक एकच आहे."

सगळं समजावून सांगितलं. आधी रक्त, मग बाकी तपासण्या, जुळलं तर पुढे समिती, कागद. नाही जुळलं तर विषयच संपला. मी काय विचारावं? पहिला प्रश्न? "नंतर पळता येईल का?"

भावाच्या जिवाचं चाललंय आणि मला पळायचं पडलंय. जमीन दुभंगली असती तर बरं. डॉक्टर मात्र सहज म्हणाले, येईल, काही महिन्यांनी, जपून. पुष्कळ जण हेच विचारतात म्हणाले. खोटं असेल, पण चांगलं खोटं.

फॉर्म दिला. त्यावर नवऱ्याची सही लागते. किडनी माझी, सही ह्याची. एकवीस वर्षांत माझ्या एकाही अवयवाबद्दल ह्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

प्र.ला फॉर्म दाखवला. चहा पिऊन झाल्यावर, चांगला मूड बघून. वाचला. घडी घातली. "तुझं तू ठरव."

तीन शब्द. दोन दिवसांसाठी पुरले असते. मी म्हटलं, मी ठरवलं असतं तर तुला विचारलं असतं का? मग तो भाजी आणायला गेला. घरात भाजी होती.

५ किमी, जड.

२१ सप्टेंबर, रविवार

८ किमी. गावात गेले होते, फळा भरलाय, आता खालच्या ओळी बारीक अक्षरात लिहिताहेत. म्हाताऱ्या बायका मला रस्त्यात अडवून पाय बघतात. एकीने गुडघ्याला तेल लावून दिलं, भर रस्त्यात, नाही म्हणायची सोय नाही.

दादा भेटला नाही. झोपला होता म्हणाली वहिनी. पायाला सूज आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

दौड झाली. हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे, कुणी विश्वास ठेवणार नाही.

सकाळी सात. देवळापासून खालापूरच्या रस्त्याला पाच, तिथून परत पाच. पोरं, शिक्षक, कंपनीतली माणसं, तीस-पस्तीस जण. मी टी-शर्ट, ट्रॅकपँट, नंबर पोटावर. गुरुनाथ शिट्टी तोंडात घेऊन उभा. आणि रेषेवर गावातल्या बायका ताटं घेऊन हजर. नवरात्र चालू, माहेरवाशीण दारात, ती भावासाठी निघालेली. ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ देतील?

गुरुनाथ म्हणे, "आगं, दौड हाय, लगीन नाय." कोण ऐकतं. ओटीला पदर पाहिजे, पदर नाही. तेव्हा वहिनीने स्वतःच्या खांद्यावरची ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली. बाकीच्यांनी कुंकू लावलं, फुलं दिली. ओटी वहिनीने भरली. ओंजळीने तांदूळ, खण, सुपारी, नारळ. पाच वेळा ओंजळ. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी ओळखलं. इतके महिने जे तोंडाने मागितलं नाही ते ती तिथे मागत होती. आणि मागतेय असं कुणाला दिसू नये म्हणून मला भरभरून देत होती.

शिट्टी वाजली. मी नारळ कट्ट्यावर ठेवायला गेले तर एकच कल्ला. ओटीचा नारळ घरी जाईपर्यंत खाली ठेवत नसतात. कुणाकडे देतही नसतात. बरं, तर घ्या. पळाले नारळ घेऊन. एक किमी डाव्या हातात, एक उजव्या, पुढे पोटाशी धरून. ओढणीतून तांदूळ गळतोय, बुटात तांदूळ, मोज्यात तांदूळ. पुढे जाता जाता एक कंपनीवाला ओरडला, "मॅडम, चटणी करायचीय काय?" त्याला सातव्या किमीला मागे टाकला.

शेवटचं वळण घेतलं तर रेषेच्या पलीकडे दादा दिसला. काल मशीन झालेलं, तोंड ओढलेलं, तरी उभा. हातात माझ्या चपला. मी घरून पायात घालून आलेल्या, देवळाबाहेर काढलेल्या. दुसऱ्या हातात घड्याळ.

"सत्तर मिनटं," म्हणाला. "नारळ नसता तं पासष्ट."

चपला खाली ठेवल्या. मी बूट काढून त्यातले तांदूळ झटकायला लागले तर वहिनी धावत आली, ओटीचे आहेत म्हणून एक-एक दाणा वेचून परत ओढणीत घातला. आम्ही तिघं रस्त्यावर बसून तांदूळ वेचत होतो. दादा हसत होता. खूप दिवसांनी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ओटीच्या तांदळाचा गोड भात केला. नारळ देवापुढे आहे, फोडला नाही.

प्र. जेवता जेवता बोलला. "मला भीती वाटते म्हणून मी गप्प आहे. नको म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, हो म्हटलं आणि काही झालं तर ते मीच म्हटलेलं असेल." एवढं लांब वाक्य ह्या माणसाने साखरपुड्यातही बोललं नव्हतं. म्हटलं, मलाही भीती वाटते. मग दोघंही बसलो. भात गार झाला.

ताट उचलायच्या आधी त्याने पेन मागितलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज, माहेरी. दादाचं मशीन होतं. दुपारी तीनला आला, अंग पुसून पाटावर बसला. ओवाळलं. तो म्हणाला, "औंदा साडी रायली गं."

म्हटलं, साडी नको. तुझ्या फाइलीतला तो कागद आण, 'नाहीत' खोड, माझं नाव लिही. तुझ्या हाताने. तेवढीच ओवाळणी दे.

आणि बोलले ते दोन शब्द. "मी देते."

तो पाटावरून उठला. गोठ्यात गेला. गोठ्यात आता गुरं नाहीत, मोटारसायकल आहे. तिथे जाऊन उभा राहिला. वहिनी निरांजनाच्या वातीकडे बघत म्हणाली, "वन्सं, तुमी बोलला, मला पोचलं. त्येला येळ लागंल." मी म्हटलं, वेळ कुठाय? तिने वात सारखी केली.

वाट बघितली. तो आला, ताटात नेहमीसारखं पाकीट ठेवलं, पाया पडू दिलं, मग जेवायला बसला. कागद काढला नाही. फराळाच्या ताटातली करंजी बाजूला सारली, आत नारळ म्हणून.

येताना टेंपोत रडले. समोरच्या बाईने लाडू दिला.

२ नोव्हेंबर, रविवार

कापणी सुरू. देवळात पोती यायला लागली. गुरुनाथ म्हणतो यंदा फळ्यापेक्षा जास्त येईल, माणसं आकडा बघून देत नाहीत, हाताला येईल तेवढं ओततात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत लाद्या बसवतायत. एक मशीन तरी नक्की. ते होईल. दादाला त्याने पनवेलची खेप वाचेल, मशीन नाही सुटणार.

उद्या रक्त द्यायला जाणार. सोमवार, त्याचा दिवस नाही, म्हणून मुद्दाम. वहिनीला फोन करून सांगितलं. "त्याला सांगू का?" म्हणाली. म्हटलं, तुझं तू ठरव. आणि मग स्वतःलाच हसू आलं, हे कुणाचं वाक्य म्हणून.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्र.ने सकाळच्या एस.टी.त बसवलं. बरोबर येतो म्हणाला, नको म्हटलं. खिडकीतून बाटली दिली, झाकण घट्ट लावलं आहे म्हणून तीनदा सांगितलं.

रक्त काढतात त्या खोलीच्या दाराशी पाटी, चपला बाहेर काढाव्या. काढल्या. आत गेले. पोरगी नवीन होती, शीर सापडेना, मी म्हटलं पळणाऱ्या बाईची शीर सापडत नाही म्हणजे कमाल आहे. सहा बाटल्या भरल्या, लहान लहान. सुईकडे बघितलं नाही.

फॉर्मवर तिने विचारलं, पेशंटशी नातं? म्हटलं, बहीण. सख्खी. तिने लिहिलं.

कापूस दाबून बाहेर आले तर चपला जागेवर नाहीत.

समोरच्या भिंतीला दादा उभा. पांढरा शर्ट, काखेत ती फाइल. एका हातात माझ्या चपला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"अठरा मिनटं," म्हणाला.

त्याने वाकून चपला माझ्या पायापाशी ठेवल्या. वाकताना त्याला त्रास होतो, तरी. मग तसाच खाली बघत म्हणाला, "दुखलं का गं?"

"नाही," म्हटलं. दुखलं होतं.

फाइलीत तो कागद होता का, त्यावर काही खोडलं होतं का, मी विचारलं नाही. त्याने दाखवलं नाही. खाली टपरीवर मी चहा घेतला, त्याने माझ्या कपातला एक घोट घेतला, त्याच्या दिवसाच्या पाण्यातला तेवढा कमी करायचा म्हणाला. एस.टी. उशिरा आली. बसायला जागा मिळाली, शेजारी शेजारी.

रिपोर्ट दहा दिवसांनी.